एका ओळीची नामंजुरी आणि हायकोर्टाचा रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लालबागला चाळीच्या तळमजल्यावर पागडीच्या गाळ्यात तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई मिळून पोळीभाजी केंद्र काढायचं ठरवलंत. गुमास्ता (दुकानाची नोंदणी) झालं, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन झालं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून आरोग्य खात्याचं लायसन्स यायचं होतं, त्याऐवजी पत्र आलं. पत्रात एकच ओळ: 'आपला अर्ज नियमानुसार नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे.' मामेसासरे म्हणतात, सरळ हायकोर्टात रिट (सरकारी निर्णयाला आव्हान देणारी याचिका) टाका. एजंट म्हणतो, वकिलाला द्याल त्याच्या निम्म्यात काम करून देतो. आणि तुम्ही विचारताय, कोर्टात गेलो तर लायसन्स मिळेल का?

मिळणार नाही, निदान थेट कोर्टाकडून नाही. बावीस वर्षं मी अशी प्रकरणं चालवतेय आणि पहिल्या भेटीत प्रत्येक पक्षकाराला हे वाक्य ऐकवते. काही जण तिथूनच उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात. हायकोर्ट लायसन्स देणारं ऑफिस नाही. लायसन्स द्यायचं की नाही हे ज्या अधिकाऱ्याने ठरवायचं, त्याने ते कायद्याला धरून ठरवलं का, एवढंच कोर्ट बघतं. तुमची पोळी मऊ आहे, गाळा स्वच्छ आहे, बाजूच्या टॉवरमधली माणसं डब्याची वाट बघतायत, यातलं काही कोर्टाच्या वजनकाट्यावर येत नाही. अर्ज नीट वाचला का, तुम्हाला ऐकून घेतलं का, कारण दिलं का, ते कारण कायद्यात बसतं का, हे येतं.

म्हणून तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुमचा अर्ज का नाकारला हेच तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. कदाचित एखादा कागद कमी असेल, मग भांडण्यासारखं काहीच नाही, कागद जोडायचा आणि पुन्हा अर्ज करायचा. कदाचित गाळाच नियमात बसत नसेल: मंजूर वापर राहण्याचा आहे, धूर जायला वाट नाही, किंवा सिलिंडर ठेवायची जागा जिन्याखाली आहे. तसं असेल तर कितीही मोठा वकील केलात तरी तो भिंतीला भोक पाडू शकत नाही. आणि कदाचित कुणालातरी तुमचं केंद्र नकोच असेल. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी तक्रार केली असेल, कुणाचा तरी फोन गेला असेल. कोर्टाचा खरा उपयोग होतो तो या तिसऱ्या ठिकाणी. एका ओळीच्या पत्रावरून यातलं कुठलं खरं हे मला इथे बसून कळणार नाही, तुम्हालाही आज ते माहीत नाही. आधी ते काढायचं.

आता कायद्याची बाजू. व्यवसाय करणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खालचा हक्क आहे. सरकारला त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, ती १९(६) मुळे. मुंबईत खाद्यपदार्थ बनवून विकायचे तर पालिकेचं लायसन्स लागतं ते मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खाली. म्हणजे लायसन्स ही मेहेरबानी नव्हे. अटी पुऱ्या करणाऱ्याला कारण न देता 'नाही' म्हणता येत नाही. दारूच्या दुकानाचं गणित निराळं आहे. तिथे मूलभूत हक्कच नाही असं सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी म्हटलंय. त्यामुळे ओळखीतल्या कुणा परमिट रूमवाल्याने 'आमचं रिट फेटाळलं' म्हणून घाबरवलं तर ते तुमच्या पोळीभाजीला जसंच्या तसं लावू नका.

कारण न देण्याबद्दलचा मला सगळ्यात आवडणारा निकाल आपल्या अंधेरीतलाच आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरीला सिनेमागृह बांधायचं होतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी १९४७ च्या जुलैत परवानगी दिली आणि सप्टेंबरात पत्र पाठवलं, की सरकारच्या आदेशावरून ती रद्द झाली आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९५१ मध्ये निकाल लागला. नियमांनी अधिकार आयुक्तांना दिला होता, सरकारला नाही. त्यामुळे आयुक्तांनी स्वतः विचार करायला हवा होता, वरून आलेला निरोप पुढे सरकवणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे, असं कोर्टाने ठरवलं. याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही आजही रोज वापरतो. सरकारी हुकुमाचा अर्थ त्यात लिहिलेल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने नंतर येऊन 'माझ्या मनात असं होतं' म्हटलं त्यावरून नाही. १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल यांच्या निवडणुकीच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच पुढे नेलं. हुकूम म्हणजे काही जुनी वाइन नव्हे, की दिवस जातील तशी चव सुधारत जाईल, असं त्यांनी म्हटलं होतं.

याचा तुमच्याशी संबंध काय ते माझ्याच एका प्रकरणातून सांगते. परळचा एक फरसाणवाला. नामंजुरीचं पत्र तुमच्यासारखंच, एका ओळीचं. आम्ही रिट टाकलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी समोरून अकरा पानांचं प्रतिज्ञापत्र आलं. त्यात तळणीच्या जागी चिमणी नाही, मोरीचं पाणी उघड्या गटारात जातं, पाहणीच्या दिवशी कामगारांची वैद्यकीय तपासणीची कागदपत्रं दाखवली नाहीत, असं सगळं नीट क्रमाने लिहिलेलं. न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं, पत्र उचललं, उलटून पाठची बाजूही बघितली आणि विचारलं, "हे यात कुठे आहे?" समोरचे वकील गप्प. दहा मिनिटांत हुकूम रद्द झाला. अर्जदाराला ऐकून चार आठवड्यांत कारणांसह नवा निर्णय द्या, असा आदेश झाला. माझा पक्षकार पायऱ्यांवर पेढे वाटायला निघाला होता.

पाचव्या आठवड्यात नवा निर्णय आला. तीन पानी. नामंजूर. कारण चिमणी खरंच नव्हती.

या वेळी मात्र काय करायचं ते कागदावर लिहिलेलं होतं. त्याने गच्चीच्या वरपर्यंत चिमणी नेली, मोरी बंदिस्त केली, कागद लावले आणि दोन महिन्यांत लायसन्स घेतलं. तो आजही सांगतो की हायकोर्टाने लायसन्स दिलं. मी दुरुस्त करत नाही. पण तुम्हाला खरं सांगायला हवं: कोर्टाने त्याला कारण मिळवून दिलं. ते तो वॉर्ड ऑफिसात नीट मागून, फी न भरता, कदाचित सहा महिने आधी मिळवू शकला असता. तेव्हा मीही त्याला तसं सुचवलं नाही, ही माझी चूक.

असं परत पाठवणं हाच नियम आहे, हे मनाशी पक्कं करा. कोर्ट स्वतःच 'द्या लायसन्स' म्हणू शकतं का? शकतं. जिथे अधिकाऱ्याला वेगळं काही ठरवायला जागाच उरलेली नाही, तिथे जो हुकूम व्हायला हवा होता तो कोर्ट स्वतः करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये जगन्नाथन यांच्या प्रकरणात सांगितलंय. पण असे हुकूम मी माझ्या कारकिर्दीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत.

आणखी एका गोष्टीवर पुष्कळ अवलंबून आहे आणि लोक ती हमखास विसरतात. तुमचं लायसन्स नवीन होतं, नूतनीकरणाचं होतं, की दिलेलं रद्द केलं? चालू लायसन्स रद्द झालं आणि कोर्टाने त्या हुकुमाला स्थगिती दिली, तर दुसऱ्या दिवशी शटर वर करता येतं. नूतनीकरणात वर्षानुवर्षं त्याच जागी धंदा केलेल्या माणसाला आपल्याला विचारलं जाईल अशी रास्त अपेक्षा असते, कोर्टही ते ध्यानात घेतं. तुमचं मात्र नवीन आहे. नामंजुरीला स्थगिती मिळाली तरी हातात लायसन्स येत नाही, अर्ज नुसता लोंबकळत राहतो. त्यामुळे 'पहिल्याच तारखेला अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश घेऊ' असं कुणी सांगितलं तर त्यांना विचारा, कसला?

आता पर्यायी मार्ग. कायद्याने अपील दिलं असेल तर आधी ते करा, हे हायकोर्टाचं पहिलं वाक्य असतं. कुठल्या लायसन्सला कुठलं अपील ते त्या त्या कायद्यावर ठरतं: अन्न सुरक्षा कायद्याचं वेगळं, दारूबंदी कायद्याचं वेगळं. याला अपवाद आहेत. १९९८ च्या व्हर्लपूल प्रकरणात, तेही मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रारविरुद्धचं, सुप्रीम कोर्टाने ते मांडलेत: मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, नैसर्गिक न्यायाचं तत्त्व (बाजू ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही) मोडलं असेल, अधिकारच नसताना निर्णय दिला असेल, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल. कारण न देता, न ऐकता दिलेली नामंजुरी दुसऱ्या अपवादात बसवता येते. पण बसवता येते म्हणजे बसतेच असं नाही. बेंच कुठला, प्रकरण किती तातडीचं आणि तुम्ही आधी काय प्रयत्न केलेत, यावर ते झुकतं.

आणखी एक मार्ग महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा. तुमची सेवा त्याखाली अधिसूचित असेल तर (वॉर्ड ऑफिसात फलक असतो, त्यावर सेवा, मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असतं) अर्ज नाकारताना लेखी कारण देणं बंधनकारक आहे, आणि नामंजुरी मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. पत्र कधी मिळालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीस दिवस व्हायचे असतील तर बाकी सगळं सोडून आधी हे करा. अपील अधिकारी त्याच इमारतीत बसतो म्हणून लोक नाक मुरडतात. मला ते मान्य नाही. फाइल वरच्या टेबलावर गेली की खालचा माणूस निदान ती उघडून वाचतो.

सिटी सिव्हिल कोर्टात दावाही लावता येतो, पण पालिकेविरुद्ध त्याआधी कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस लागते आणि दावा रेंगाळतो. तुमच्यासाठी तो रस्ता नको.

कोर्ट कुठे हात घालणार नाही तेही ऐका. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत चौदा माणसं गेली. त्यानंतर आग, गॅस, बाहेर पडायची वाट, असले शब्द फाइलमध्ये खरेपणाने आलेले दिसले की कोणताही न्यायमूर्ती तज्ज्ञांच्या मताच्या जागी स्वतःचं मत ठेवत नाही. वापरबदलाचंही तसंच. गाळ्याचा मंजूर वापर निवासी असेल तर विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ त्याला परवानगी देते का, हा आर्किटेक्टला विचारायचा प्रश्न आहे, मला नाही. पागडीचा गाळा म्हणताय, तर पावतीवर वापर काय लिहिलाय ते आज रात्रीच बघा.

'पण हा निर्णय किती अन्यायाचा आहे!' असं पुष्कळ पक्षकार म्हणतात. अन्यायाचा असेल. अवाजवीपणा या मुद्द्यावर हुकूम रद्द करायची पट्टी मात्र फार उंच आहे. ही पट्टी ज्या इंग्लंडमधल्या १९४७ च्या वेडन्सबरी निकालातून आली तोही सिनेमाच्या लायसन्सचाच होता. रविवारी पंधरा वर्षांखालच्या मुलांना आत सोडायचं नाही, अशी अट घातली होती. हा निकाल जगभर अर्जदारांचे वकील उद्धृत करतात आणि गंमत म्हणजे त्यात सिनेमा कंपनी हरली होती. म्हणून मी हा मुद्दा याचिकेत शेवटी लिहिते. पुढे ठेवते ते न ऐकणं, कारण नसणं, यादीत नसलेली अट लावणं, अधिकार नसलेल्याने निर्णय घेणं.

यादीत नसलेल्या अटीबद्दल दोन शब्द. लायसन्सच्या छापील अटींत चाळ कमिटीच्या ना हरकतीचा उल्लेख नसेल आणि तोंडी तुमच्याकडे तीच मागितली असेल, तर तो मुद्दा चांगला आहे. पण 'तोंडी मागितली' हे कोर्टात सिद्ध होत नाही. म्हणून त्याच दिवशी एक पत्र द्यायचं: 'आज अमुक वाजता आपल्या कार्यालयात मला अमुक ना हरकत पत्र आणण्यास सांगण्यात आले. ही अट कोणत्या नियमाखाली आहे ते कृपया लेखी कळवावे.' उत्तर येणार नाही. न येणारं उत्तरही पुढे कामाला येतं.

प्रामाणिकपणाबद्दलही सांगायलाच हवं. एका बाईंच्या प्रकरणात कायदा शंभर टक्के आमच्या बाजूने होता. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, की सोसायटीने त्यांना आधी दोन नोटिसा दिल्या होत्या आणि एकीला त्यांनी उत्तरही दिलं होतं. सुनावणीत ते उत्तर समोरून बाहेर आलं, खाली बाईंची सही. न्यायमूर्तींनी गुणदोषात न शिरता, माहिती दडवली म्हणून याचिका फेटाळली, वर खर्चही लावला. रिट हा विवेकाधीन उपाय आहे, म्हणजे द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं, तिथे हात स्वच्छ लागतात. तेव्हा वकिलाकडे जाल तेव्हा तक्रारी, नोटिसा, भांडणाचे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं न्या. आणि निकाल लागेपर्यंत 'थोडे डबे देऊन बघू' म्हणून चूल पेटवू नका. पालिकेची गाडी येऊन सिलिंडर उचलून नेते ते एक, पण त्या पंचनाम्याची प्रत याचिकेला उत्तर म्हणून लागते ते जास्त महाग पडतं.

तर सध्या एवढं करा. वॉर्ड ऑफिसात एक पानी अर्ज द्या: नामंजुरीची कारणं, पाहणीचा अहवाल आणि माझ्याविरुद्ध तक्रार असल्यास तिची प्रत द्यावी, मला सुनावणी द्यावी, आणि त्रुटी दूर करता येण्यासारख्या असतील तर मुदत द्यावी. दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर घ्या. त्याच खेपेला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा गोष्ट सांगत बसू नका. 'माझ्या अर्जाच्या फाइलची टिपणीसह संपूर्ण प्रत' एवढंच मागा. टिपणी (फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे) हा शब्द विसरू नका. पत्रात एक ओळ असली तरी टिपणीत कुणीतरी, कधीतरी, खरं काय ते लिहिलेलं असतं. लोकसेवा हक्काचं अपील मुदतीत असेल तर तेही लावा.

तीस-चाळीस दिवसांत यातून काही ना काही हातात येईल. कारण कळलं आणि ते दूर करता येण्यासारखं असलं तर दूर करून नवा अर्ज करा, वकिलाची फी चिमणीत घाला. काहीच उत्तर आलं नाही तर रिट टाका. तेव्हा तुमची याचिका आजच्यापेक्षा दुप्पट मजबूत असेल, कारण तुम्ही सगळी दारं ठोठावलीत हे शिक्क्यांसकट दिसेल. नुसतं 'अमुक आठवड्यांत निर्णय द्या' एवढा आदेश मिळवणं हे तर हायकोर्टातलं त्यातल्या त्यात सोपं काम. मुंबईतलं प्रकरण असल्याने याचिका ओरिजिनल साइडला (हायकोर्टाच्या मुंबईतल्या प्रकरणांच्या विभागात) दाखल होईल, आधी लॉजिंग (तात्पुरता) नंबर पडेल, ऑफिसने काढलेल्या कागदांतल्या त्रुटी दूर कराव्या लागतील, मग सर्क्युलेशन घेऊन (तारीख मागून) बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवर, येईल. किती दिवस लागतील ते बोर्ड किती भरलाय त्यावर. मात्र चार-सहा महिने हातावर हात ठेवून बसू नका, उशिराचा खुलासा मागितला जातो.

एजंटाबद्दल विचारलंत म्हणून: कागद जमवून, फॉर्म भरून देणारा एजंट हवा असेल तर घ्या, त्यात गैर काही नाही. 'आतून करून देतो' म्हणणारा नको. तसं मिळालेलं लायसन्स पुढच्या तक्रारीला रद्द होतं, आणि तेव्हा सुनावणीत सांगायला तुमच्याकडे काही नसतं.

फाइल हातात आली की सगळ्यात आधी पाहणीच्या अहवालावरची तारीख आणि नामंजुरीच्या पत्रावरची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. माझ्याकडे एकदा अशी फाइल आली होती, की पत्र सहा तारखेचं आणि पाहणी नऊ तारखेची. तुमच्यात तसं काही निघालं तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी वकील गाठा.